प्रतिकारशक्तीच मज्जासंस्थेवर उलटते तेव्हा

मागील अंकात नागिणीनंतरच्या वेदनांविषयी लिहिताना, काही विषाणू आजार बरा झाल्यावरही शरीर सोडून जात नाहीत, असे एक वाक्य ओघात आले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वडील बोटीवर नोकरीला होते. १९८९ साली ब्राझीलमधील साल्वाडोर बंदरात त्यांना अपघात झाला आणि तिथल्या इस्पितळात त्यांना रक्त चढवावे लागले. गेली काही वर्षे त्यांचे पाय ताठरत चालले आहेत, जिना चढताना चप्पल पायातून निसटते आणि लघवीची भावना झाली की संडासापर्यंत पोहोचण्याइतकाही वेळ मिळत नाही. मणक्यात गॅप आहे असे समजून आम्ही पट्टा, मालीश, ट्रॅक्शन असे सगळे केले. आता एचटीएलव्ही-१ नावाच्या विषाणूची तपासणी पॉझिटिव्ह आली आहे. डॉक्टर म्हणतात की नुकसान विषाणूपेक्षा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच अधिक केले आहे. हे कसे शक्य आहे? आणि आम्हा घरच्यांना यातून धोका आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते ऐकून तुम्ही बुचकळ्यात पडलात यात नवल नाही. विषाणू शरीरात शिरतो, पेशी मारतो आणि म्हणून माणूस आजारी पडतो, अशी आपली साधी समजूत असते. एचटीएलव्ही-१ तिच्यात बसत नाही.

हा विषाणू एचआयव्हीसारखाच रेट्रोव्हायरस, म्हणजे आपली जनुके पेशीच्या जनुकांत मिसळून टाकणारा विषाणू, आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने टी-पेशींचा (रक्तातील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) कर्करोग झालेल्या रुग्णात तो सापडल्याचे १९८० मध्ये जाहीर केले, तेव्हा त्याचा पायांच्या ताठरपणाशी काही संबंध असेल असे कोणाला वाटले नव्हते. १९८५ मध्ये आंत्वान जेसां आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटावर, कारण न सापडलेल्या अशाच पायांच्या आजाराच्या अनेक रुग्णांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे त्याच्याशी लढण्यासाठी शरीराने बनवलेली प्रथिने, आढळली. पुढच्याच वर्षी जपानमधील कागोशिमा येथे मित्सुहिरो ओसामे यांनी तसाच आजार स्वतंत्रपणे वर्णिला. दोन्ही आजार एकच आहेत हे नंतर स्पष्ट झाले, आणि म्हणूनच तुमच्या रिपोर्टवर ‘एचएएम/टीएसपी’ असे जोडनाव दिसत असेल.

जगात हा विषाणू बाळगणारे ५० लाख ते १ कोटी लोक असावेत असा अंदाज आहे. नैर्ऋत्य जपान, कॅरिबियन बेटे, मध्य व पश्चिम आफ्रिका, इराणमधील मशहद, मध्य ऑस्ट्रेलिया, पेरू आणि ब्राझील हे त्याचे मुख्य प्रदेश होत. साल्वाडोर शहराच्या पाहणीत सुमारे पावणेदोन टक्के लोकसंख्येत तो आढळला होता आणि ब्राझीलमध्ये रक्तपेढ्यांना त्याची तपासणी सक्तीची झाली ती १९९३ मध्ये. वडिलांना रक्त मिळाले ते त्याच्या आधी. रक्तातूनच विषाणू आला असे यावरून सिद्ध होत नाही. तरीही तुमच्या डॉक्टरांनी बोटीवरच्या नोकरीची चौकशी करून ही तपासणी करवून घेतली, याचे मला फार कौतुक वाटते. गोव्यात घरटी नाही तरी वाड्यावाड्यावर एखादा तारवटी (बोटीवर काम करणारा) सापडतोच, पण रुग्णाला तो कोणकोणत्या बंदरांत राहिला हे विचारण्याची सवय आम्हा डॉक्टरांना अजून पुरेशी लागलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एचटीएलव्ही-१ मुख्यतः रक्तातील सीडी४ टी-पेशींमध्ये, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्याच एका महत्त्वाच्या पेशीप्रकारात, घर करतो. तो आपली जनुके त्या पेशीच्या जनुकसाखळीत बेमालूम मिसळून टाकतो आणि पुढे नवे विषाणू तयार करण्यापेक्षा त्या पेशीलाच विभागायला लावून आपली संख्या वाढवतो. पेशी दुप्पट झाली की विषाणूही दुप्पट झाला. एचआयव्हीविरुद्ध वापरली जाणारी झिडोव्ह्युडिन व लॅमिव्ह्युडिन ही औषधे या आजारात वापरून पाहिली गेली, पण त्यांचा उपयोग झाला नाही. ती औषधे विषाणूची नवी नक्कल होऊ देत नाहीत. पेशीची विभागणी थांबवणे त्यांचे काम नव्हे.

शरीर स्वस्थ बसलेले नसते. विषाणूचे ‘टॅक्स’ नावाचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर डोकावले की सीडी८ मारक टी-पेशी ते ओळखतात आणि त्या बाधित पेशीला मारतात. या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात अशा मारक पेशी मोठ्या संख्येने फिरत असतात, हे स्टीव्हन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले. रक्तात ही झटापट वर्षानुवर्षे चालली तरी माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. घोटाळा होतो तो बाधित सीडी४ पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून मज्जारज्जूत उतरतात तेव्हा. त्यांच्या मागोमाग मारक पेशीही तिथे येतात, दोघींची गाठ पडते आणि इंटरफेरॉन गॅमा व टीएनएफ यांसारखे दाहकारक स्राव बाहेर पडतात. त्या स्रावांना बाधित कोण आणि निरपराध कोण हे कळत नाही. मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण आणि खुद्द तंतूही त्यांत होरपळतात, ज्यांत विषाणूचा अंशही नसतो. आपल्या घराच्या छपरावर बसलेल्या माकडाला हाकलण्यासाठी दगड मारत राहावे, माकडाने जागचे हलू नये आणि कौले मात्र एकेक करून फुटत जावीत, तसा हा प्रकार आहे.

हे सत्र आपोआप थांबत नाही, याचेही कारण आता बऱ्यापैकी उलगडले आहे. मज्जारज्जूत तंतूंना आधार देणाऱ्या ज्या ताराकृती पेशी असतात, त्या अॅस्ट्रोसाइटना इंटरफेरॉन गॅमाचा स्पर्श झाला की त्या सीएक्ससीएल१० नावाचे रसायन सोडू लागतात. हे रसायन रक्तातील आणखी टी-पेशींना तिथे बोलावून घेते. त्या येतात, इंटरफेरॉन सोडतात आणि अॅस्ट्रोसाइट पुन्हा तेच रसायन सोडतात. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये हे चक्र मांडले. मणक्यातले पाणी काढून त्यात हे रसायन किती आहे हे मोजले, तर दाह सध्या किती पेटलेला आहे याचा अंदाज येतो. पाठीच्या वक्षीय, म्हणजे छातीमागच्या, भागातील मज्जारज्जूला सर्वाधिक इजा होते, म्हणून हात शाबूत राहतात आणि पाय, लघवी व शौच यांवर परिणाम होतो. ‘मणक्यात गॅप’ आहे असे समजण्यात तुमची चूक नव्हती; सुरुवातीचे चित्र खरोखर तसेच दिसते.

मात्र ‘प्रतिकारशक्ती फार जोरदार होती म्हणून आजार झाला’ असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका. विषाणू बाळगणाऱ्यांपैकी हा आजार होतो तो पाव टक्का ते चार टक्के लोकांना, प्रदेशानुसार कमीजास्त. उरलेले आयुष्यभर ठणठणीत राहतात, आणि मारक पेशी त्यांच्यातही असतात. चार्ल्स बँगहॅम आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी कागोशिमातील रुग्णांचा अभ्यास केला तेव्हा उलटच गोष्ट पुढे आली. एचएलए-ए२ हा जनुकप्रकार असलेल्या लोकांच्या मारक पेशी टॅक्स प्रथिन विशेष चांगले पकडतात, आणि त्या लोकांत आजाराचा धोका निम्म्यावर आलेला होता. (मशहदमधील लोकांत मात्र या जनुकाचा असा फायदा दिसला नाही.) ज्यांच्या पेशी विषाणूला लवकर आणि नेमके टिपतात त्यांच्या रक्तात बाधित पेशी कमी राहतात. ज्यांच्या पेशी संख्येने पुष्कळ, पण कामात तोकड्या, त्यांच्यात बाधित पेशीही वाढतात आणि झटापटही वाढते. रक्तातील शंभरामागे एकापेक्षा अधिक लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) बाधित असतील तर आजाराची शक्यता झपाट्याने चढते. म्हणजे खरा प्रश्न प्रतिकार जोरदार की क्षीण हा नसून, तो नेमका आहे की अर्धवट, हा आहे. अर्धवट प्रतिकार विषाणूला संपवतही नाही आणि त्याचा पिच्छाही सोडत नाही.

उपचारांविषयी खोटी आशा लावणार नाही. दाह सक्रिय असेल तर स्टेरॉइडचा उपयोग होऊ शकतो. बाधित पेशींवरच नेम धरणारे मोगाम्युलिझुमॅब हे प्रतिपिंड-औषध जपानमध्ये मोजक्या रुग्णांना दिल्यावर रक्तातील बाधित पेशी कमी झाल्या आणि अनेकांचा ताठरपणा उतरला, असा अहवाल २०१८ मध्ये आला. पण ते अजून सर्वत्र मान्य उपचार झालेले नाही. आज हाताशी असलेल्या गोष्टी म्हणजे ताठरपणासाठी बॅक्लोफेन, रोजचा व्यायाम, मूत्राशय पूर्ण रिकामे होते की नाही याची तपासणी आणि न्हाणीघरात धरायला दांडा. यांतील शेवटच्या दोन गोष्टींकडे घरोघरी दुर्लक्ष होते. मूत्राशयात लघवी साचून राहिली की वारंवार जंतुसंसर्ग होतो, आणि न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले की मूळ आजारापेक्षा तेच जड जाते.

घरच्यांविषयी : एका ताटात जेवल्याने, खोकल्याने किंवा शुश्रूषा केल्याने हा विषाणू पसरत नाही. तो पसरतो शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, एकमेकांच्या सुया वापरल्याने आणि आईच्या दुधातून. त्यामुळे तुमच्या आईची तपासणी आधी करावी. ती निगेटिव्ह असेल तर तुम्हा भावंडांना वडिलांकडून हा विषाणू आलेला नाही असे समजण्यास हरकत नाही. ती पॉझिटिव्ह असेल तर १९८९ नंतर जन्मलेल्या भावंडांनी तपासणी करून घ्यावी. नागासाकीत १९८७ पासून बाधित मातांना बाळाला अंगावर न पाजण्याचा सल्ला दिला जाऊ लागला आणि बाळांना होणारी लागण सुमारे २० टक्क्यांवरून अडीच टक्क्यांपर्यंत खाली आली. वडिलांनी रक्तदान करू नये. आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस व मलेरिया यांसाठी सक्तीने तपासणी होते. त्या यादीत एचटीएलव्ही नाही, कारण भारतात तो क्वचितच आढळतो.

प्रश्न : मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. एखाद्या आजारात विषाणूही हजर असतो आणि प्रतिकारपेशीही हजर असतात. मग नुकसान कोणी केले हे शास्त्रज्ञ कशावरून ठरवतात?
— एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : गुरुजी, अगदी मर्मावर बोट ठेवलेत. माणसात हे ठरवणे फार कठीण आहे. उंदरात मात्र ते स्वच्छपणे ठरवता आले, आणि त्याची कथा थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे.

१९३३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे मेंदूज्वराची साथ आली होती. तिचा तपास करताना चार्ल्स आर्मस्ट्राँग यांना एक वेगळाच विषाणू सापडला, आणि लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिस असे लांबलचक नाव मिळालेल्या त्या विषाणूला आपण एलसीएमव्ही म्हणू. प्रौढ उंदराच्या मेंदूत तो टोचला की आठवड्याभराच्या आसपास उंदराला झटके येतात आणि तो मरतो. काही वर्षांतच एरिख ट्राउब यांच्या लक्षात आले की जन्माच्या सुमारास लागण झालेले उंदीर मरत नाहीत. त्यांच्या रक्तात आणि अवयवांत विषाणू आयुष्यभर भरभरून असतो, तरीही ते खातात, पितात आणि पिल्ले घालतात. कारण नवजात पिल्लाची प्रतिकारयंत्रणा त्या विषाणूला आपलाच समजते. १९५०च्या दशकात वॉलेस रो यांनी प्रौढ उंदरांना आधी क्ष-किरण देऊन त्यांची प्रतिकारशक्ती खच्ची केली आणि मग विषाणू टोचला. ते उंदीर तगले. पुढे असे विषाणूधारी, पण निरोगी उंदीर घेऊन त्यांना दुसऱ्या, विषाणूशी आधी लढलेल्या उंदराच्या टी-पेशी टोचल्या की आजार उद्भवतो, हेही दिसून आले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते : विषाणू तोच आणि तितकाच ठेवून फक्त प्रतिकारपेशी काढल्या की आजार जातो, आणि परत घातल्या की आजार येतो.

याच आजाराचा अभ्यास कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल हे दोघे करत होते. डोहर्टी मूळचे पशुवैद्य. मेंदूच्या आवरणांना सूज आलेल्या उंदरांच्या मेंदूभोवतीच्या द्रवातून त्यांनी टी-पेशी मिळवल्या आणि १९७४ मध्ये दाखवून दिले की मारक पेशी केवळ विषाणू ओळखत नाहीत, तर स्वतःच्या शरीराची खूण आणि विषाणूचा तुकडा ही दोन्ही एकत्र दिसली तरच मारतात. या शोधासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती ‘स्वतःची खूण’ म्हणजे माणसात एचएलए. पहिल्या उत्तरातील एचएलए-ए२ हा तिचाच एक प्रकार. २००९ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकातून पाहताना आणखी एक गोष्ट आढळली. मारक पेशी स्वतः जितके नुकसान करतात त्यापेक्षा त्यांनी बोलावून आणलेल्या इतर पांढऱ्या पेशी अधिक करतात. त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून मोठ्या संख्येने घुसतात, त्या भिंती पाझरू लागतात आणि मग झटके येतात.

एचटीएलव्हीच्या रुग्णावर असा प्रयोग करता येत नाही. तिथे पुरावा गोळा होतो तो शवविच्छेदनातून, मणक्यातल्या पाण्यातून आणि औषधांच्या परिणामांतून, म्हणूनच त्याबद्दल बोलताना थोडी सावध भाषा वापरावी लागते.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही असल्याचे उशिरा कळले, तेव्हा त्याचे सीडी४ फार कमी होते. एआरटीच्या (एचआयव्हीला रोखणाऱ्या) गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात वजन वाढू लागले आणि मग एकाएकी त्याचा उजवा हात लुळा पडला. वहिनी म्हणते की गोळ्यांनीच हे झाले, बंद करून टाकूया. काय करावे?
— एक वाचिका, वास्को

उत्तर : ताई, गोळ्या स्वतःहून अजिबात बंद करू नका. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणे योग्य नसल्याने तुम्हाला ते आधीच पोस्टाने कळवले आहे.

वहिनींचे निरीक्षण चुकीचे नाही. गोळ्या सुरू होणे आणि हात लुळा पडणे यांचा संबंध असू शकतो. सीडी४ पेशी फार कमी असताना मेंदूत एखादा संसर्ग दबा धरून बसलेला असतो. तो टीबी असेल, क्रिप्टोकॉकस ही बुरशी असेल किंवा जेसी नावाचा विषाणू असेल. प्रतिकारशक्ती झोपलेली असते तोवर लक्षणे कमी असतात. गोळ्यांनी ती जागी होते, मेंदूतील त्या संसर्गावर एकदम तुटून पडते, सूज येते आणि रुग्ण आधीपेक्षा बिघडलेला दिसतो. डॉक्टर याला ‘आयरिस’ म्हणतात आणि तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसतो. एमआरआय आणि गरज पडल्यास मणक्यातल्या पाण्याची तपासणी करून मूळ संसर्ग शोधायचा, त्यावर औषध द्यायचे आणि सूज फार असेल तर काही काळ स्टेरॉइड द्यायचे, अशी साधारण दिशा असते. हा निर्णय एआरटी केंद्राच्या आणि मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो.

प्रतिकारशक्तीला जागे करण्याची वेळ किती महत्त्वाची असते, याचे एक उदाहरण देतो. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर असलेल्या एचआयव्ही रुग्णांपैकी काहींना एआरटी लगेच आणि काहींना पाच आठवड्यांनी देण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांत लगेच गोळ्या मिळालेल्यांपैकी ४५ टक्के, तर उशिरा मिळालेल्यांपैकी ३० टक्के रुग्ण दगावले. तेव्हापासून अशा रुग्णांत आधी बुरशीवर उपचार करून मगच एआरटी सुरू करतात. बहुसंख्य रुग्णांना, ज्यांच्या मेंदूत असा संसर्ग नाही, त्यांना मात्र गोळ्या लवकरात लवकर सुरू करणेच हिताचे असते.

एचआयव्ही स्वतः मेंदूतील चेतापेशींना बाधित करत नाही, हेही सांगून ठेवतो. तो मेंदूतील मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या राखणदार पेशींत राहतो. त्यांच्या सततच्या दाहकारक स्रावांनी चेतापेशी थकतात, आणि विसराळूपणा व मंदपणा त्यातून येतो. नियमित गोळ्यांनी या त्रासाचे तीव्र स्वरूप आज फारच कमी झाले आहे.

प्रश्न : कोविडपासून आमच्या घरी सगळे जण प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी रोज गुळवेलीचा काढा घेतात. तुमच्या सदरातील माहिती खरी मानली तर हे धोक्याचे आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : काढ्याने एचटीएलव्हीसारखा आजार होत नाही, आणि काढ्याने प्रतिकारशक्ती वाढते असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावाही माझ्या पाहण्यात नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ही घोषणाच मला पोकळ वाटते. कोणत्या पेशी, कोणत्या विषाणूविरुद्ध आणि किती वाढवायच्या, याचे उत्तर बाटलीवर कुठेच छापलेले नसते. गुळवेलीबद्दल एवढेच : २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले होते आणि ती इजा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, ज्यांना आधीच थायरॉइडचा, सांध्यांचा किंवा यकृताचा स्वप्रतिकारक (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार आहे, त्यांनी ती रोज घेऊ नये असे माझे मत आहे. उलट दिशेचा धोकाही तितकाच आहे. फार्मसीतून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइड सांधेदुखीवर महिनोन्‌महिने घेणारे रुग्ण मी पाहतो, आणि तो प्रकार काढ्यापेक्षा कितीतरी पट घातक आहे.

प्रश्न : माझ्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील मायलिनच्या आवरणाला इजा करणारा आजार) आहे. तो एका विषाणूमुळे होतो असे वाचनात आले. तिची त्या विषाणूची तपासणी करावी का?
— एक वाचिका, म्हापसा

उत्तर : करू नये, कारण तिच्यातून काही निष्पन्न होणार नाही. तो विषाणू एप्स्टाइन-बार. जगातील सुमारे ९५ टक्के प्रौढांत तो असतो, तुमच्यात आणि माझ्यातही बहुधा असेल. लाळेतून तो लहानपणी किंवा तरुणपणी शरीरात येतो आणि बी-पेशींमध्ये (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये) कायमचा राहतो.

वाचनात आले ते मात्र खरे आहे. अमेरिकी सैन्यदलातील १ कोटीहून अधिक जवानांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून २०२२ मध्ये दिसले की, या विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पट वाढतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवले की, काही रुग्णांची प्रतिपिंडे या विषाणूचे एक प्रथिन आणि मेंदूतील ग्लियलकॅम नावाचे प्रथिन अशा दोन्हींना चिकटतात. दोन्हींची ठेवण एका ठिकाणी इतकी सारखी आहे की विषाणूवर घातलेला घाव मेंदूवर पडतो. फोंड्याच्या वाचकांच्या वडिलांच्या बाबतीत घाव विषाणू असलेल्या पेशीवर घातला जातो आणि शेजारचे तंतू मरतात. इथे ओळखण्यातच गफलत होते. अर्थात लागण सर्वांना आणि आजार मोजक्यांना असल्यामुळे जनुके, ड जीवनसत्त्व, धूम्रपान अशी इतर कारणेही जोडीला लागतात.

तुमच्या बहिणीला नॅटालिझुमॅबचे इंजेक्शन सुरू असल्याचे तुम्ही लिहिले आहे, म्हणून त्याविषयी थोडे. हे औषध टी-पेशींना मेंदूत शिरूच देत नाही, आणि त्यामुळे आजाराचे नवे झटके चांगलेच कमी होतात. पण मेंदूत टी-पेशींची गस्त बंद झाली की, एरवी निरुपद्रवीपणे शरीरात राहणाऱ्या जेसी विषाणूला रान मोकळे मिळते आणि पीएमएल नावाचा मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो. नोव्हेंबर २००४ मध्ये परवानगी मिळालेले हे औषध याच कारणाने तीन महिन्यांत बाजारातून मागे घेतले गेले आणि २००६ मध्ये कडक अटींवर परत आले. पीएमएल झाल्यावर औषध थांबवले की टी-पेशी एकदम मेंदूत उतरतात, आणि वास्कोच्या ताईंना सांगितलेला आयरिस इथेही उद्भवू शकतो. घाबरण्याचे कारण नाही. जेसी विषाणूच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी ठरावीक काळाने होते ना, आणि औषधाला दोन वर्षे झाल्यावर ते चालू ठेवावे की बदलावे, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. तपासणी करायचीच असेल तर ती ही करा.

प्रश्न : सत्तरी तालुक्यात माकडताप येऊन गेलेल्यांना पुढे असाच पायांचा आजार होऊ शकतो का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : तशी नोंद नाही. माकडतापाचा विषाणू एचटीएलव्हीप्रमाणे शरीरात कायमचा राहणारा नाही. काही रुग्णांत ताप उतरून एक-दोन आठवडे गेल्यावर तो पुन्हा चढतो आणि त्या दुसऱ्या फेरीत तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, हात थरथरणे अशी लक्षणे दिसतात. ती दिसल्यास घरी न थांबता इस्पितळ गाठावे. वर्षांनंतर पाय ताठरू लागले तर मात्र कारण दुसरीकडे शोधावे.

प्रश्न : गोवरामुळे अनेक वर्षांनी मेंदूचा आजार होतो असे ऐकले. मग गोवराचीच लस मुलाला टोचून तो धोका आपण ओढवून घेत नाही का?
— एक आई, पेडणे

उत्तर : तुम्ही ऐकलेल्या आजाराला एसएसपीई म्हणतात. विशेषतः दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांपैकी काहींच्या मेंदूत त्याचा बदललेला विषाणू टिकून राहतो, आणि साधारण सात ते दहा वर्षांनी मूल अभ्यासात मागे पडू लागते, अंगाला झटके बसू लागतात. आजार दुर्मिळ आहे, पण झाल्यावर त्यातून परतणारी मुले फारच थोडी.

यातही प्रतिकारशक्तीचा एक चमत्कारिक भाग आहे. या मुलांच्या रक्तात आणि मणक्यातल्या पाण्यात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे प्रचंड असतात, निदानच त्यांवरून होते, तरीही विषाणू मरत नाही. प्रयोगशाळेत असे दिसले आहे की, बाधित पेशींवर सतत प्रतिपिंडांचा मारा राहिला की पेशी आपल्या पृष्ठभागावरील विषाणूची प्रथिने काढून टाकतात. खूणच पुसली गेल्यावर मारक यंत्रणेला पेशी ओळखता येत नाही आणि विषाणू आत सुखरूप राहतो.

लशीबद्दल निःशंक राहा. या रुग्णांच्या मेंदूत तपासलेला विषाणू रानटी गोवराचाच निघालेला आहे, लशीतील नव्हे. आणि ज्या देशांत लसीकरण वाढले तिथे हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. दुसरा चुकला असेल तरी पाच वर्षांपर्यंत तो देता येतो. बाळाचे लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे.